मराठी अद्भुतातील नायक, प्रतिनायक आणि अनायक : एक ऐतिहासिक विचार

मराठी कादंबरीच्या इतिहासात 'अनायक' ही संज्ञा साधारणपणे १९६० नंतरच्या कादंबरीशी जोडली जाते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर हे तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. खानदेशातील खेड्यातून पुण्यात शिकायला येणाऱ्या आणि हाती काही न लागता परतणाऱ्या या तरुणापाशी पराक्रम नाही, ध्येय नाही, विजयही नाही. तरीही कादंबरी त्याचीच आहे. वास्तववादी कादंबरीपुरते पाहिले तर ही मांडणी योग्यच आहे. परंतु मराठीत कल्पित वाङ्मयाचा आणखी एक जुना प्रवाह आहे. अद्भुताच्या या प्रवाहात राजपुत्र, राक्षस, मायावी, शापित आणि वेषधारी अशी पात्रे वावरतात. या प्रवाहात अनायक केव्हा आला, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, मराठी अद्भुताला अनायक फार पूर्वीपासून परिचित होता. मात्र तो ग्रंथात नव्हता, खेळात होता. मराठीत नाटकाच्या प्रयोगालाही 'खेळ' म्हणतात आणि मुलांच्या डावालाही. राजस्थानातील 'ख्याल' या लोकनाट्याच्या नावाचा संबंधही काही अभ्यासक खेळ याच अर्थाशी जोडतात. हा शब्दयोग केवळ योगायोगाचा नाही. एखाद्याने दुसऱ्याची भूमिका घ्यावी, काही नियम पाळावेत आणि त्या नियमांच्या आत आपल्या मनाचे बोलावे, ही दोहोंमधील समान गोष्ट आहे. छापील ग्रंथाने नायक जपला. अनायक खेळाच्या आश्रयाने जगला. असे का झाले आणि त्याचे परिणाम काय झाले, हे येथे पाहावयाचे आहे.

१. संज्ञांचा प्रश्न

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाबरोबर प्रतिनायकाचाही विचार झालेला आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात मुंजाच्या आश्रयाने धनंजयाने रचलेल्या 'दशरूपका'त प्रतिनायक हा लोभी, उद्धत, ताठर, पापी आणि व्यसनी असा सांगितला आहे. रामाला रावण आणि युधिष्ठिराला दुर्योधन ही त्याची उदाहरणे. म्हणजे प्रतिनायक हा नायकाचा शत्रू असतो आणि त्याची योग्यता नायकाच्या उत्कर्षाला उपकारक होण्यात असते. शत्रू जितका प्रबळ तितका विजय मोठा, असे हे गणित आहे.

अनायक ही कल्पना याहून वेगळी. तो नायकाचा शत्रू असेलच असे नाही. नायकाला आवश्यक मानलेले गुण त्याच्यापाशी नसतात, किंवा असले तरी ते विपरीत मार्गाने प्रकटतात. आणि तरीही वाचकाचे वा प्रेक्षकाचे चित्त त्याच्याकडेच ओढ घेते. प्रतिनायकाचा पराभव आपल्याला समाधान देतो, अनायकाचा पराभव आपल्याला रुखरुख लावतो. पुढील विवेचनात 'प्रतिनायक' आणि 'अनायक' हे शब्द या भेदानुसारच वापरले आहेत.

२. छापील अद्भुताचा निष्कलंक नायक

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली प्रसिद्ध झाली. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या सामाजिक कथेनंतर अवघ्या चार वर्षांनी आलेल्या या पुस्तकाने मराठी कादंबरीला निराळेच वळण दिले. हळबे यांचीच 'रत्नप्रभा' (१८६६), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) आणि त्यांच्या अनुकरणाने लिहिलेल्या पुष्कळ कादंबऱ्या या वळणाच्या आहेत. सुंदर नायिका, शूर नायक, कपटी दुर्जन, वियोग, संकटपरंपरा, दैवी वा चमत्कारिक साहाय्य आणि अखेर मीलन, हा त्यांचा ठरलेला क्रम. सद्गुणाला फळ आणि दुर्गुणाला शासन मिळालेच पाहिजे, हा त्यांचा अलिखित करार होता.

या संदर्भात रिसबूड यांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत दिलेले स्पष्टीकरण अभ्यासकांनी वारंवार उल्लेखिले आहे. विवाहाच्या रूढीमुळे आणि अन्य कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक वाटावेत असे गुणही नाहीत आणि दोषही नाहीत. म्हणून कादंबरीकाराला अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. वास्तवापासून पळ काढण्याची ही कबुली आहे, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. पण त्यात दडलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. कथेला केवळ गुण पुरत नाहीत, रंजक दोषही लागतात, हे रिसबूड यांना उमगले होते. मात्र उपाय योजताना त्यांनी दोष रंगविण्याऐवजी चमत्कार वाढविला. नायक निर्दोषच राहिला; त्याच्याभोवतीचे जग मात्र अधिकाधिक विलक्षण होत गेले.

हीच परंपरा नाथमाधव यांच्या 'वीरधवल' (१९१३) या कादंबरीत लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचली. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे मूळ नाव. सिंहगडावर शिकारीच्या निमित्ताने गेले असता कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले आणि त्यानंतरच ते लेखनाकडे पूर्णपणे वळले. अंथरुणाला खिळलेल्या लेखकाने घोडदौड करणाऱ्या आणि तलवार गाजविणाऱ्या वीरांचे जग उभे करावे, यात एक करुण औचित्य आहे. नायकाच्या नावात दोनच गोष्टी आहेत : शौर्य आणि शुभ्रता. १८६१ पासून चालत आलेल्या आदर्शाचे याहून नेमके नाव सुचणे कठीण. या नायकाला संकटे येतात, परंतु त्याला स्वतःविषयी संशय येत नाही.

३. संकासुर : न लिहिलेला अनायक

याच काळात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, दक्षिण कोकणात आणि गोव्याच्या उत्तर भागात दशावताराचे खेळ होत होते. देवळांच्या जत्रांतून रात्रभर चालणाऱ्या या खेळाचे दोन भाग असतात. आरंभीच्या भागाला 'आडदशावतार' म्हणतात. त्यात गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव यांच्या प्रवेशानंतर संकासुर येतो. वेद चोरून नेणारा आणि विष्णूच्या हातून मारला जाणारा शंखासुर तो हाच. उत्तरार्धात एखादे पौराणिक आख्यान सादर होते.

संकासुराचे रूप भयप्रद आहे : काळा पोशाख, चेहऱ्यावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. शास्त्राप्रमाणे पाहता तो निखळ प्रतिनायक आहे. त्याने केलेला अपराधही लहान नाही. ज्ञानाचे मूळच त्याने पळविले आहे. परंतु प्रत्यक्ष रंगभूमीवर घडते ते उलटेच. संकासुर बोलू लागला की प्रेक्षक सरसावून बसतात. तो मालवणीत बोलतो, भटजीची आणि खुद्द ब्रह्मदेवाची फिरकी घेतो, गावातील ताज्या गोष्टींवर टोमणे मारतो. देव प्रमाण भाषेच्या जवळची, भारदस्त भाषा बोलतात; असुर प्रेक्षकांच्या घरातली भाषा बोलतो. अखेरीस विष्णू त्याचा वध करतो, पण तोवर रंग त्याने भरलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील शिमग्यात घरोघर फिरणाऱ्या संकासुराला मुले भितात आणि मोठी माणसे त्याचा मान राखतात. भीती, हसू आणि आदर या तिन्ही भावना एकाच पात्राच्या वाट्याला येणे, हे प्रतिनायकाचे नव्हे, अनायकाचे लक्षण आहे.

येथे दशावताराचा आणखी एक विशेष लक्षात घेतला पाहिजे. या खेळाला लिखित संहिता नसते. आख्यान सर्वांना ठाऊक असते, पात्रांची वाटणी होते, पदे म्हटली जातात. संवाद मात्र नट जागच्या जागी रचतो. समोरच्या नटाने काय विचारले, प्रेक्षकांत कोण बसले आहे, रात्र किती झाली आहे, यांवर उत्तर ठरते. कथेचा शेवट ठरलेला आणि मधले बोलणे मोकळे, असा हा नियम आहे. शेवट देवाच्या बाजूने ठरलेला असल्यामुळेच मधल्या अवकाशात असुराला हवे ते बोलण्याची मुभा मिळते. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर अशा मंडळ्यांनी हा खेळ व्यावसायिक स्वरूपात टिकविला. त्यांच्या नटांनी पिढ्यान्‌पिढ्या उच्चारलेल्या लाखो वाक्यांपैकी कागदावर फारच थोडी उतरली.

सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये केलेल्या 'सीतास्वयंवर' नाटकाची घडणही काही अंशी अशीच होती. सूत्रधाराची पदे रचलेली असत, गद्य भाषण नट आयत्या वेळी करीत. या नाटकांतील राक्षसपार्टी नटांच्या आरोळ्या इतक्या गाजल्या की पुढे त्या सबंध नाट्यप्रकारालाच 'अललडुर्र' असे थट्टेचे नाव मिळाले. नाव पडले ते नायकाच्या गुणांवरून नव्हे, राक्षसाच्या आरोळीवरून. भावे यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात पदे आली. राक्षसांचे उत्स्फूर्त बोल येणे शक्यच नव्हते. 'मुक्तामाले'च्याच वर्षी, १८६१ मध्ये, वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे लिखित नाटक आले आणि १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संहिताबद्ध संगीत नाटकाची प्रतिष्ठा स्थापन केली. त्यानंतर उत्स्फूर्त भाषण हे अडाणीपणाचे लक्षण ठरले. अशा रीतीने छापखान्याने नायकाला स्थैर्य दिले आणि अनायकाची वाणी नोंदीबाहेर राहिली.

शेजारच्या भाषांत असेच घडले असे नाही. उर्दू दास्तानांतील अमर अय्यार हा लोभी, ठकबाज आणि तितकाच लाडका वेषधारी मौखिक परंपरेतून थेट छापील ग्रंथात आला. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे विशाल खंड काढले आणि देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता' (१८८८) या हिंदी कादंबरीत अय्यारांनी राजपुत्राइतकेच, किंबहुना अधिक, स्थान मिळविले. मराठीत असा दुवा जुळला नाही. संकासुर रंगमंचावरून उतरला, पण कादंबरीत शिरला नाही.

४. बळीची बाजू

या अलिखित परंपरेतील बंडखोर शक्यता एका लेखकाने मात्र अचूक ओळखली होती. जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम या अवतारांची क्रमाने उलटतपासणी केलेली आहे. फुले यांच्या मांडणीत अवतार हे बाहेरून आलेल्या आक्रमकांचे पुढारी ठरतात आणि असुर हे या भूमीतील मूळ राज्यकर्ते. वामनाने पाताळात दडपलेला बळी हा न्यायी राजा ठरतो. दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य परत येवो अशी प्रार्थना करणाऱ्या शेतकरी स्त्रियांच्या स्मृतीचा आधार त्यांनी या अर्थासाठी घेतला.

फुले यांचे इतिहासविषयक निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारले जावोत वा न जावोत, वाङ्मयीन दृष्टीने त्यांनी केलेली गोष्ट विलक्षण आहे. त्यांनी कथानक बदलले नाही. पात्रांची वाटणी बदलली. तोच वामन, तोच बळी, तीच तीन पावले. पण सहानुभूती कोणाकडे जावी, याचा नियम त्यांनी फिरविला. नायक आणि प्रतिनायक ही पात्रांच्या स्वभावात दडलेली तत्त्वे नसून कथा सांगणाऱ्याने दिलेली स्थाने आहेत, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी कोणी दाखविले नव्हते. 'गुलामगिरी' आणि 'मंजुघोषा' यांच्यात अवघ्या पाच वर्षांचे अंतर आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांतून सहसा जाणवत नाही. कारण एक ग्रंथ सामाजिक विचारांच्या प्रकरणात येतो आणि दुसरा कादंबरीच्या.

५. काळापहाड आणि त्यानंतर

छापील कथेत अनायकाचा खरा प्रवेश झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि तोही समीक्षेच्या दृष्टीने मागील दाराने. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. रहस्यकथा ही अद्भुताचीच नागर वारसदार आहे. मायावी जंगलाची जागा मुंबईच्या रस्त्यांनी घेतली आणि गुप्त भुयाराची जागा बंद तिजोरीने. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक कायद्याच्या बाहेर उभे आहेत. पोलीस त्यांच्या मागावर असतात आणि ते स्वतः दुष्टांच्या मागावर असतात. वेषांतर, चोरी आणि फसवणूक ही त्यांची साधने आहेत. पाश्चात्त्य साहसकथांचा ठसा या पात्रांवर उघड दिसतो. परंतु मराठी वाचकाने त्यांना इतक्या सहजतेने आपलेसे केले याचे कारण केवळ अनुकरणात सापडणार नाही. काळ्या वेषात येणारा, नियम मोडणारा आणि तरीही आपल्या बाजूने बोलणारा वीर त्याला अपरिचित नव्हता. 'वीरधवल' ते 'काळापहाड' हा नावांतील प्रवासच पुरेसा बोलका आहे.

मात्र अर्नाळकरांचा अनायकही पूर्ण मोकळा नाही. त्याची कृती कायद्याविरुद्ध असली तरी त्याचे हृदय निर्मळ असते. तीच गोष्ट प्रतिष्ठित साहित्यात शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये वेगळ्या पातळीवर दिसते. या कादंबरीत कर्णाबरोबरच दुर्योधनालाही प्रथमपुरुषी निवेदन दिलेले आहे. पराभूत पक्षाला स्वतःच्या तोंडाने बोलू देणे हे मोठे पाऊल होते. तथापि कर्णाला न्याय देण्याच्या ओघात त्याचे डाग पुसले गेले आणि तोही अखेर धवल झाला. त्याच वर्षी आलेल्या इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने उलट दिशा घेतली. तेथे कोणालाच देवत्व नाही आणि कोणालाच राक्षसत्व नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांतील 'समर्थ' हे पात्र मात्र पुन्हा जुन्या नायकाच्या जवळ जाते. अमंगल शक्तीला तेथे सामर्थ्य आहे, परंतु तिची स्वतःची बाजू नाही.

६. भूमिका घेण्याचे नवे खेळ

इंग्रजी अद्भुतकथेतही हा झगडा झालेला आहे. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड १९५४–५५ मध्ये आले. त्यातील सत् आणि असत् यांची विभागणी मायकेल मूरकॉक या लेखकाला मान्य नव्हती. १९६१ मध्ये त्याने एल्रिक हे पात्र निर्माण केले : दुर्बल देहाचा, औषधांवर जगणारा राजा, ज्याची तलवार माणसांचे आत्मे पिते आणि ज्याच्या हातून स्वजनांचाच नाश होतो. पुढे १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन खेळकर्त्यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात काही खेळाडू एकत्र बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेऊन बोलतो. एक जण निवेदक आणि पंच होतो. शंकेच्या जागी फासे टाकले जातात. प्रत्येक पात्राच्या नोंदीत त्याचा नैतिक कलही लिहावा लागे. पहिल्या आवृत्तीत नियम, तटस्थता आणि अराजक असे तीन कल होते. अराजक आणि नियम यांतील संघर्षाची ही कल्पना पोल अँडरसन आणि मूरकॉक यांच्या कथांतून आलेली होती. १९७५ च्या पुरवणीत योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक यांच्या जोडीला चोर हाही पात्रप्रकार दाखल झाला.

दशावतार पाहिलेल्या माणसाला या खेळाची रचना ओळखीची वाटेल. भूमिका ठरलेली, बोलणे उत्स्फूर्त आणि खेळ पुढे नेणारा एक सूत्रधार. भेदही तितकाच लक्षणीय आहे. दशावतारात शेवट ठरलेला असतो आणि बोलणे मोकळे असते. नव्या खेळात शेवटही मोकळा असतो, पण पात्राचे चांगलेवाईटपण कागदावर आधीच नोंदलेले असते. संकासुराला अशी नोंद मान्य झाली नसती. तो कोणत्या रकान्यात बसतो, हे दर रात्री नव्याने ठरते. तसेच दशावताराला प्रेक्षक असतो; असुराच्या प्रत्येक टोमण्याला गावाचे हसू वा मौन उत्तर देते. आपल्यातील असुराला किती मोकळे सोडावयाचे, याचा निर्णय तेथे एकट्या खेळाडूचा नसून समूहाचा असतो.

महाराष्ट्रातही आता अशा निर्मितीला आरंभ झाला आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. सर्कशीत वाढलेली राजी ही मुलगी असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू हे देव कथा सांगतात. देवीच्या त्रिशुळाने राजी लढते. राजस्थानी वास्तुशैलीची छाप असलेले महाल आणि किल्ले या खेळाला वेगळेच सौंदर्य देतात. शूर राजपुत्राच्या जागी साधी मुलगी आली, ही प्रगती निःसंशय आहे. परंतु तिचा शत्रू कोण? महाबलासुर. हे नाव ऐकताना मराठी मनाला बळीची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. या खेळात महाबलासुराला मारता येते. त्याच्या बाजूने खेळता येत नाही. तंत्र एकविसाव्या शतकाचे असले तरी नैतिक व्यवस्था 'वीरधवल'चीच आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली वाङ्मयेतिहासाविषयीची आहे. अनायक मराठीत १९६० नंतर आला, हे विधान केवळ लिखित कादंबरीपुरते खरे आहे. लिहिणाऱ्यांच्या हाती नायक होता आणि न लिहिणाऱ्यांच्या तोंडी अनायक. ज्या वर्गांची भाषा ग्रंथात आली नाही, त्यांची सहानुभूतीही ग्रंथात आली नाही. फुले यांना बळीची बाजू मांडण्यासाठी ओवाळणाऱ्या स्त्रियांच्या स्मृतीकडे जावे लागले, ते याचमुळे. दशावतार, नमन-खेळे आणि शिमग्याची सोंगे यांतील उत्स्फूर्त संवादांचे ध्वनिमुद्रण व संपादन हे काम म्हणूनच केवळ लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे नाही. कादंबरीच्या इतिहासकारालाही त्यावाचून पुढे जाता येणार नाही.

दुसरी गोष्ट नव्या निर्मात्यांना उद्देशून आहे. पौराणिक कथांतून पोशाख, शस्त्रे आणि महाल घेणे सोपे आहे. त्या कथा आपल्या लोकांनी ज्या रीतीने खेळल्या, ती रीत घेणे अवघड आहे. त्या रीतीत देवाचा विजय कधी नाकारलेला नाही. मात्र असुराचे बोलणे पूर्ण होईपर्यंत विष्णूने थांबावे, एवढी अट गावाने घातलेली आहे.